पाणबुवाची उंची

पाणबुवाची उंची चुकीची लिहिली ती मीच. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्ही चिचबोडीच्या लोकांना हसाल आणि मी साळसूद चेहरा करून बाजूला उभी राहीन.

मी पुष्पांजली, पोलीस हवालदार. माहेर फुलचूरचं, म्हणजे गोंदिया शहराच्या कडेचं. तिथे पाणी नळाला येतं आणि भांडणं हिंदीत होतात. केशोरीकडच्या एका ठाण्यात बदली झाली तेव्हा तळं म्हणजे पाणी साठायची जागा, एवढंच माझं ज्ञान होतं. म्हणून मी इकडच्यासारखं ‘काऊन’, म्हणजे ‘का’, विचारत सुटले. पाळीवर, तळ्याच्या या बांधावर, चिंचच काऊन? पाणी आधी खालच्या बांधीला, धानाच्या खाचराला, काऊन? महिन्याभरात ठाण्यात माझं नाव ‘काऊन मॅडम’ पडलं. पडू दे. न विचारता शहाणं झालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

तरीही मे महिन्यात जे विचारायचं तेच नेमकं विचारलं नाही.

चिचबोडी हे कोहळी समाजाचं गाव. यांच्या वाडवडलांनी तळी बांधली, नातवंडं अजून त्याच पाण्यावर धान पिकवतात. तिथल्या तळ्यात, पाणी सोडायचं जे दगडी तोंड असतं, त्याला तुडुम म्हणतात, त्या तुडुमाशेजारी एक दगडी देव उभा होता. पाणबुवा. पावसाळ्यात तो पूर्ण बुडालेला असे. पाणी उतरायला लागलं की आधी डोकं बाहेर येई, मग खांदे, मग गाव शेंदूर लावून पूजा करी. या वर्षी मे महिन्यात तळं पार आटलं आणि एका सकाळी पाणबुवाच्या जागी नुसता खड्डा होता.

फिर्याद द्यायला शालीकराम पुस्तोडे आले. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष, गावात वजन असलेला माणूस. सोबत वीस जण.

“उंची किती?” मी विचारलं.

विसांनी वीस हात मांडीपाशी धरले. इतकं एकमत ठाण्यात क्वचितच पाहायला मिळतं, मी खूश झाले. लिहिलं: उंची अडीच फूट, शेंदूर लावलेली, पुरुष देवता. फोटो मागितला तर नव्हता. बुवाचा फोटो काढला की पाणी रुसतं, असं त्यांचं म्हणणं.

“संशय कोणावर?”

त्यावरही एकमत. मनिराम कापगते.

मनिराम गावचा पाणकर. कोणाच्या बांधीला किती पाणी द्यायचं आणि तुडुम केव्हा बंद करायचं, ते त्याने ठरवायचं. तीस वर्षं हेच काम. एरवी कितीही आटलं तरी बुवाच्या पायाशी डबकं राहतंच. यंदा मनिरामने तेही सोडून दिलं होतं. तळ सुकला, म्हणून देव खणता आला. आमचे ठाणेदार बिसेन साहेब, त्यांना हे गणित दोन अधिक दोनसारखं सोपं वाटलं.

“पाणी कोणी सोडलं?” साहेबांनी विचारलं.

“मीच सोडलो, साहेब.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

मनिराम तीन दिवस कोठडीत होता, पण त्या प्रश्नावर त्याने तोंड उघडलं नाही. मग जामीन झाला. गावाने त्याची पाणकाठी, पाणी मोजायची काठी, काढून घेतली. नात्यातल्या लग्नाचं बोलावणं आलं नाही, चुलतभावाच्या तेराव्यालाही त्याला कोणी ‘जेवून जा’ म्हटलं नाही. नुसता चोर असता तर गावाने कदाचित पचवलं असतं. देव विकणारा माणूस कोणाला पचत नाही.

ऑगस्टमध्ये दिल्लीहून निघालेलं एक पत्र मुंबई-नागपूर करत आमच्या टेबलावर आलं. नेपाळ पोलिसांनी भैरहवा गावातल्या एका गोदामावर छापा घालून जुन्या मूर्ती पकडल्या होत्या. सोबत एक ट्रकचालक सापडला होता, आपल्याकडचा. त्याचा जबाब असा: एक मूर्ती महामार्गावरच्या देवरीपासून दोन-अडीच तासांवरच्या कुठल्याशा तळ्यातून खणली, देवरीच्या ढाब्यावर ट्रकमध्ये चढवली. खणणारे दोघे परराज्यातले, त्यांची नावंही त्याने दिली. गावातलं कोणी सामील नव्हतं. तळं कोरडं दिसलं, दगड उघडा दिसला, म्हणून हात मारला. तळ्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. आता आमच्या जिल्ह्यात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तळ्यात पडेल, कुठलं म्हणून शोधायचं?

मी घाईने सोबतचा फोटो उघडला आणि माझा चेहरा पडला. उंची सव्वाचार फूट. शेंदराचा ठिपका नाही, घासून पुसून लख्ख केलेली. आणि ती बाई होती. कमरेवर घडा घेतलेली, ओठ किंचित मुडपलेली दगडी बाई.

तरी फोटो शालीकरामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“हे तं बाई हाये, मॅडम. आमचा बुवा होता.”

बिसेन साहेबांनी उत्तर लिहायला सांगितलं: वर्णन जुळत नाही. झालं, विषय संपला. माझा काही संपेना. त्या फोटोंमध्ये मूर्तीच्या पाठीचाही एक फोटो होता आणि पाठीवर आडव्या खाचा होत्या. मूर्तीला पाठीवर कोण नक्षी काढतं? काऊन?

पत्राखाली तपास अधिकाऱ्याचा नंबर होता. सुनीता चौधरी, प्रहरी नायब निरीक्षक. म्हणजे आपल्याकडची उपनिरीक्षक. रीतसर विचारायचं तर माझा प्रश्न गोंदियाहून नागपूर, मुंबई, दिल्ली, काठमांडू असा देशाटन करून तिच्याकडे गेला असता. साहेब म्हणाले, “अनौपचारिक माहिती घ्यायला मनाई नाही. पण काही गडबड झाली तर मी तुला ओळखत नाही.” मी फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.

“मैडम, मैं भी वही सोच रही थी,” ती म्हणाली. “सजावट नहीं लगती. और निशानों का फासला बराबर नहीं है. ऊपर कम, नीचे ज्यादा.”

ती तराईतल्या थारू शेतकऱ्याची मुलगी निघाली. तिच्या गावात पाटाचं पाणी वाटायला लाकडात खाचा पाडतात, ज्याची जमीन जास्त त्याची खाच रुंद. त्या खाचा पाहून तिला लहानपणचा पाट आठवला होता, पण दगडी मूर्तीचा आणि पाण्याचा काय संबंध ते कळत नव्हतं. मग तिने जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. गोदामवाल्याने कागद आणले होते, मूर्ती त्याच्या घराण्यातली पिढीजात आहे म्हणून. सोमवारी कोर्टात तारीख होती. तोवर भारताकडून काही आधार आला नाही तर मूर्ती त्याला परत मिळणार आणि ट्रकवाल्याचा जबाब हवेत लटकणार.

म्हणजे मनिरामही लटकणार. मूर्ती चिचबोडीची ठरली तर जबाब चिचबोडीचा आणि मनिराम सुटला. नाही ठरली, तर ती कुठलीतरी बाई, तो कुठलातरी ट्रक, आणि देव विकणारा मनिराम जन्मभर तसाच.

हातात चार दिवस होते. मी मोटरसायकल काढली.

मनिरामच्या अंगणात त्याची बायको सुमित्राबाई भाजीला शेंगा सोलत होती. मला पाहून तिने टोपली बाजूला सरकवली नाही.

“आता काय न्यायले आली? माणूस नेला, काठी नेली. चूल राहिली हाये, ने.”

मी खाली बसले आणि शेंगा सोलायला लागले. माझं चुकलं होतं आणि तिला ते ऐकवायचा हक्क होता. पाचेक शेंगांनंतर मनिराम आतून आला. मी फोनवर पाठीचा फोटो काढून त्याच्या हातात दिला.

 मग त्याने अंगठा काचेवर ठेवला आणि एकेका खाचेवरून खाली नेला, अंधारात जिना उतरावा तसा.

“हे माह्या हाताची हाये,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“पाठ मी कधी पाह्यलो नाई, मॅडम. पाठ पान्याकडं. हात घालून मोजत होतो. तीस वर्सं.”

मग मला हळूहळू सगळं कळलं, कारण या वेळी मी विचारत राहिले. पाणबुवा म्हणजे देव तर होताच, पण मुळात ते तळ्याचं माप होतं. धान शेवटच्या पाण्याला येतं, तेव्हा तळं उतरलेलं असतं आणि भांडणं चढलेली असतात. तेव्हा बुवाच्या पाठीवरच्या खाचांनी वाटे करायचे. तळं वर पसरट आणि खाली निमुळतं, म्हणून सारखं पाणी मोजायला वरच्या खाचा जवळजवळ, खालच्या लांब. हात घालून मोजणं दरवेळी जमत नाही, म्हणून त्याच अंतराच्या खाचांची, धावड्याच्या लाकडाची काठी. काठीवरची खूण बुवाच्या खांद्याला लावायची आणि पाणी कुठे आलं ते पाहायचं. काठी जुनी झाली की नवी तिच्याशेजारी ठेवून खाच खाचेला लावून कोरायची. बापाच्या काठीवरून लेकाची. दुसऱ्या कुठल्या तळ्याची काठी या तळ्याला चालत नाही.

 हे तर तळ्याच्या बोटाचे ठसे झाले.

“आणि उंची? गावाने अडीच फूट काऊन सांगितली?”

उत्तर सुमित्राबाईने दिलं. “खाली गाळ हाये ना, बाई. बुवाचे पाय कोनं पाह्यले?”

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. वीस माणसांनी वीस हात मांडीपाशी धरले ते खोटे नव्हते. गावाने आपला देव जेवढा पाहिला तेवढा सांगितला. पिढ्यान्‌पिढ्या गाळाच्या वरचा. आणि शेंदराच्या थरावर थर चढलेले, त्याखाली बुवा आहे की बाई, हे कोणाच्या बापजाद्यांनाही ठाऊक नव्हतं. मी जर त्या दिवशी एकच प्रश्न विचारला असता, ‘जमिनीच्या वर अडीच, आणि खाली किती?’, तर चार महिने वाचले असते.

काठी मात्र शालीकरामांकडे होती. ते काठी ठाण्यात द्यायला साफ नाही म्हणाले. पाणकाठी गावाची शीव ओलांडत नाही, ओलांडली तर तळं फुटतं. आधी मला राग आला. मग म्हटलं, काठी येत नसेल तर ठाणं जाईल. बिसेन साहेबांना मी कसं तयार केलं ते सांगत नाही. एवढंच सांगते की दीड तास मी ‘काऊन’शिवाय दुसरा शब्द वापरला नाही.

शनिवारी सकाळी तळ्याच्या पाळीवर सगळं गाव जमलं. पाळीवर एक बरं, मोबाईलची रेंज चांगली मिळते. तळं काठोकाठ भरलेलं होतं. साहेबांनी अट घातली होती की आरोपीने काठीला हात लावायचा नाही, म्हणून मनिराम चिंचेखाली लांब उभा. दोन पंच, केशोरीच्या बाजारातून आणलेली शिंप्याची टेप, आणि फोनवर व्हिडिओत चौधरी मॅडम, तिच्या मुद्देमालाच्या खोलीत, तिचे दोन साक्षीदार घेऊन. ठरलं असं की तिने दगड मोजून आपल्या कागदावर लिहायचं, मी काठी मोजून माझ्या कागदावर लिहायचं, घड्या घालून पंचांच्या हातात द्यायच्या आणि मग आळीपाळीने वाचायचं. कोणी कोणाचं ऐकून लिहिलं असं उद्या कोर्टाने म्हणायला नको.

“खांद्यापासून पहिली, छह,” ती म्हणाली.

मी पंचाकडून माझा कागद घेऊन उघडला. सहा सेंटिमीटर.

“उसके नीचे आठ.”

आठ.

“पौने ग्यारह.”

माझ्याकडे अकरा होते.  साहेब म्हणाले, “पाव सेंटिमीटर दगडाला माफ. पुढे वाच.”

“पंद्रह.”

पंधरा. 

“बीस.”

वीस. काठी तिथे संपत होती. पाच खाचा, पाचही जुळल्या. खांद्यावरचं डोकं अठरा सेंटिमीटर निघालं. मी भराभर बेरीज केली. डोक्यापासून पाचव्या खाचेपर्यंत अठ्ठ्याहत्तर, म्हणजे अडीच फुटाला दोन सेंटिमीटर वर. माझी फिर्यादीतली चूक बरोबर पाचव्या खाचेशी येऊन थांबली होती, जिथून गाळ सुरू होत होता. साहेब पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, ही चूकसुद्धा पुरावा म्हणून जोड.

लोक एकदम बोलायला लागले. कोणी जयजयकार केला, पण बुवाचा करायचा की बाईचा हे न कळून तो अर्ध्यातच राहिला. सुमित्राबाई म्हणाली, “बाईच असन. दुसरं कोन उभं राह्यते एवढी वर्सं कमरेपर्यंत पान्यात?”

“रुकिए, रुकिए,” फोनमधून आवाज आला. “एक और है. छठा. बीस के नीचे सत्ताईस पर. यह किसलिए?”

मी वळून पाहिलं. मनिराम चिंचेखालून पुढे आला होता. साहेबांनी त्याला अडवलं नाही.

“बाप सांगे, शेवटचा वाटा तळ्याचा,” तो सावकाश म्हणाला. “ढोरायचा, मासोळ्यायचा. कोनी मांगलं तरी द्यायचा नाई. माह्या काठीवर पाचच. म्हणून चार वाटे गावाले, पाचवा तळ्याले. आता हे सहावी...” तो थांबला. “म्हणजे आधी गावाले पाच वाटे होते. एक वाटा गाळानं खाल्ला, तवा काठीवरूनही गेला. गाळ काढला असता तं पानी होतं. उन्हाळी धानाले पुरते एवढं पानी होतं.”

‘उन्हाळी धान’ म्हणाला आणि पाळीवरच्या माना शालीकरामांकडे वळल्या. मे महिन्यात चिचबोडीत उन्हाळी धान एकाच माणसाचं उभं होतं. मीसुद्धा त्या वेळी ते हिरवं शेत पाहिलं होतं, छान दिसतं म्हणून फोटोही काढला होता. विचारलं मात्र नव्हतं, याला पाणी कुठून?

शालीकरामांच्या हातात काठी होती. त्यांनी ती दोनदा या हातातून त्या हातात केली.

“पाचवा वाटा म्याच मांगलो होतो,” ते म्हणाले. “हा नाई म्हणत होता. तीन खेपा मी याच्या दारात गेलो. म्हणलो, माही लोंबी भरून राहिली, तू काय देवापेक्षा मोठा झाला?” मग मनिरामकडे पाहून, “काऊन सांगतला नाई गा तू ठाण्यात?”

“तुडुम कोनं उघडलं? मी उघडलो ना,” मनिराम म्हणाला. “पाणकर मी होतो.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. तीन दिवस कोठडी, चार महिने वाळीत, आणि हा माणूस आपल्या कामाची चूक दुसऱ्याच्या नावावर टाकायला तयार नव्हता. आम्ही त्याला कबुलीजबाब समजून बसलो होतो. शालीकरामांनी काठी पुढे केली. मनिरामने ती लगेच घेतली नाही, आधी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “पंचनामा झाला आहे. घे.”

सोमवारी आमचा पंचनामा आणि तिचा पंचनामा भैरहवाच्या कोर्टापुढे शेजारी शेजारी ठेवले गेले. मूर्ती गोदामवाल्याला द्यायला कोर्टाने स्थगिती दिली. रीतसर मागणीपत्र अजून दिल्ली-काठमांडू करतंय, मूर्ती अजून चौधरी मॅडमच्या ताब्यात आहे. रोज सकाळी ती तिला हात जोडते, असं मला सांगते. परराज्यातले ते दोघे पकडले गेले आणि सप्टेंबर संपता संपता मनिरामचं नाव आरोपींतून निघालं.

ऑक्टोबरात शेवटचं पाणी वाटायची वेळ आली. काठी होती, पण तिची खूण लावायला बुवाचा खांदा नव्हता. गाव कोड्यात पडलं. मनिरामने धोतर खोचलं आणि तुडुमाच्या शेवटच्या, गाळात रुतलेल्या पायरीवर जाऊन पाण्यात उभा राहिला. त्या पायरीवर उभं राहिलं की बुवाचा खांदा त्याच्या कमरेला लागत असे, बरोबर करदोट्याशी. त्याने काठीची खूण करदोट्याला लावली. देव विकला म्हणून ज्याला वाळीत टाकलं, तो देवाच्या जागेशेजारी उभा राहून गावाला पाणी मोजून देत होता. म्हातारी देवकाबाई हात जोडायला लागली तर तो ओशाळून ओरडला, “माले नोको, काठीले कर!”

सहा दिवस तो तसा उभा राहत होता. सहाव्या दिवशी पाणी चौथ्या खाचेला टेकलं. शालीकरामांची खालची एक बांधी राहिली होती, धान पोटरीत होतं, लोंबी फुटायची बाकी होती. ती तहानलेली आहे हे फुलचूरच्या मलाही दिसत होतं. मनिरामने त्यांच्याकडे पाहिलं. शालीकराम चपला काढून पाण्यात उतरले, तुडुमाचं लाकडी बूच स्वतःच्या हाताने ठोकलं आणि फटींत माती लिंपली.

मी चौधरी मॅडमला फोटो पाठवला. मग सगळे घराकडे निघाले, दोघे मात्र भिजलेल्या कपड्यांनी पाळीवर बसून राहिले. मी मोटरसायकल सुरू केली. काऊन बसले, हे मी विचारलं नाही.